दोन मोत्यें गळाली: लढाई कवितेत कशी उरते?

नीरेकाठचा (धागाकर्ता)

गेल्या संक्रांतीला पानिपतला जाऊन आलो. तिथल्या काला अंब स्मारकापाशी १४ जानेवारीला आपल्याकडची मंडळी जमतात हे ऐकून होतो, या वेळी मित्राच्या गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून योग आला. धुकं इतकं की हातभर अंतरावरचा फेटा दिसेना. घोषणा झाल्या, भाषणं झाली, कुणीतरी तिळगूळ वाटला. तो हातात घेतला आणि तोंडात टाकवेना. कारण नीट सांगता येणार नाही.

परतीच्या प्रवासात ते सावकारी पत्र डोक्यात घोळत राहिलं. बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. १७६१ सालच्या जानेवारीत पानिपतहून एक कासीद (पत्र पोचवणारा जासूद) औरंगाबादच्या सावकारांकडे निघाला होता. नर्मदेच्या आसपास तो नानासाहेब पेशव्यांच्या लोकांच्या हाती लागला आणि पत्र उघडलं गेलं. मजकूर असा, की दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. (सत्तावीसच्या जागी पंचवीसही वाचायला मिळतं, पाठभेद आहेत.) दोन मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. नानासाहेबांना पोरगा गेल्याचं असं कळलं, बाजाराच्या भाषेत. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर ते स्वतःही गेले.

आता माझा प्रश्न. मोत्यांवर आपण भरपूर लिहिलं. पोवाडे झाले, गोविंदाग्रजांचा पानपतचा फटका झाला, 'विश्वास पानिपतात गेला' ही म्हण झाली. खुर्द्याचं काय? फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, वाणी, भिस्ती, मोतद्दार, पालवाले होते. त्यांना बुणगे म्हणत. आज 'बाजारबुणगे' ही आपल्याकडे शिवी आहे. म्हणजे जे सगळ्यात जास्त संख्येने मेले त्यांची भाषेतली आठवण ही एवढीच.

खुर्दा मोजणारी कविता कुणाच्या पाहण्यात आहे का? मराठीच हवी असं नाही.

तिरकस_बाण

सावकाराचं पत्र ही कविता असेल तर माझं पासबुक म्हणजे खंडकाव्य. शोकरसप्रधान.

वाचनखूण

वाखूसा (वाचनखूण साठवली).

रच्याकने (म्हणजे जाता जाता), 'सतराशे साठ भानगडी'चा संबंध पानिपतच्या आदल्या वर्षाशी जोडणारा कुणीतरी येण्याआधीच हात जोडते, प्लीज नको.

डफतुणतुणे

धागाकर्ते, पोवाड्याला एका ओळीत मोत्यांच्या बाजूला बसवलंत, म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या हा धंदा होता. (धंदाच म्हणतो, कला वगैरे नंतर म्हणायला लागले.)

पोवाडा मुळात बातमी. अफजलखानाचा वध १६५९चा, त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आपल्या हाती असलेला सगळ्यात जुना. जिजाऊंच्या सांगण्यावरून रचला आणि शाहिराला घोडा नि सोन्याचा तोडा मिळाला, असं परंपरा सांगते. ज्याच्या हातून तोडा घ्यायचा त्याचा सरदार आधी, पागेतला पोरगा मागून. यात शाहिराला दोष देऊ नका, त्यालाही पोट होतं. पण तुम्ही जुने पोवाडे ओळीनं वाचलेत तर नावांच्या याद्या लागतील. अमका शिंदा, तमका जाधव, कुणाचा घोडा पडला, कुणाला गोळी कुठं लागली. ऐकताना लोक कंटाळतात, आम्ही पण आता गाळतो. त्या काळी मात्र लोक त्या यादीसाठीच बसत असणार. आपल्या गावचं नाव येतंय का बघायला.

हे आज आपल्याला वाचायला मिळतं ते बरंचसं अ‍ॅक्वर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. तो आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय त्याच साहेबाच्या नावाचं. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच माणसानं राज्याची गाणी गोळा केली. गंमतच म्हणायची.

एक आठवण सांगतो आणि गप्प बसतो. लहानपणी वडिलांच्या मागे मी सुरत्या म्हणून 'जी जी र जी' करायला उभा राहायचो. आमच्या जत्रेत पासष्टच्या लढाईवरनं आलेले एक नाना होते. पोवाडा सुरू झाला की मंडपाबाहेर दगडावर बसून शेंगा फोडायचे. आत कधी येत नसत. एकदा वडिलांनी 'रक्ताचे पाट वाहिले' म्हणून डफावर थाप मारली आणि नाना बाहेरनं म्हणाले, "पाट कसला वाहतुय, तासाभरात माती पिऊन टाकती." लोक हसले. वडील हसले नाहीत. पुढच्या वर्षीपासून त्यांनी ती ओळ म्हटली नाही. त्या जागी नुसती थाप द्यायचे, रिकामी.

वाचनखूण

डफदादा, रिकाम्या थापेवर काटा आला.

शब्दवेल्हाळ

नावांच्या यादीवरून नेसरी आठवली. कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' शाळेपासून पाठ, लताबाईंच्या आवाजात कानात पक्की. १६७४ साली प्रतापराव गुजर आणि सहा स्वार बहलोलखानावर चालून गेले आणि परत आले नाहीत. कवितेत त्या सहांची नावं नाहीत. तरी बघा, लोकांना राहवलं नाही. सहा नावांची यादी आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, फलकांवर छापली जाते. तिला समकालीन कागदांचा आधार नाही असं जाणकार सांगतात. म्हणजे कवितेनं जागा मोकळी ठेवली आणि लोकांनी ती भरली.

मला त्या कवितेत सगळ्यात खरं वाटतं ते शेवटचं कडवं. तिथे वीर नाहीतच. दगडावर टाचांच्या खुणा, ओढ्याच्या पाण्यात रंग, वाऱ्यावर कुणीतरी गातंय. मी नेसरीच्या खिंडीत जाऊन आलोय. ओढा आहे, पाणी साधं पाण्याच्या रंगाचं आहे. पण बरोबर आलेल्या प्रत्येकानं वाकून बघितलं. मी पण.

तिरकस_बाण

त्याच कुसुमाग्रजांनी चीनच्या आक्रमणाच्या वेळी 'बर्फाचे तट पेटुनि उठले' लिहिली. ती भरतीची कविता आहे हो. बासष्टच्या हिवाळ्यात पुरेसे कपडे न घेता बर्फात पाठवलेल्या पोरांचं काय, ते त्यात कुठे आहे? कवी लढाईची आठवण ठेवतात हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे पुढच्या लढाईचा ढोलही तेच वाजवतात.

शब्दवेल्हाळ

बाण, मान्य. एकाच हातून दोन्ही लिहून होतं, त्यात मला विसंगती दिसत नाही. घर पेटल्यावर माणूस आधी ओरडतो, राख उपसणं नंतरचं. तक्रार करायचीच तर अशी करा, की ओरडलेलं पाठ्यपुस्तकात गेलं आणि बासष्टची राख कुणी फार उपसलीच नाही.

सेव्हर्नकाठची

मी इंग्लंडमध्ये श्रूझबरीत राहते, नर्स आहे. कविता वगैरे माझा प्रांत नाही, पण या गावात राहून पहिल्या महायुद्धातला कवी विल्फ्रेड ओवेन टाळता येत नाही. त्याचे आईवडील इथे राहायचे, ॲबीच्या आवारात त्याचं स्मारकशिल्प आहे, माझा बसथांबा तिथून जवळ.

इंग्रजी शिकलेल्यांना त्याची विषारी वायूवरची कविता ठाऊक असेल. देशासाठी मरणं गोड आणि शोभून दिसणारं, ही रोमन कवी होरेसची लॅटिन ओळ त्यानं शेवटी आणली आणि तिला जुनं खोटं म्हटलं. मला त्यातलं आठवतं ते आधीचं. वायू आलाय म्हटल्यावर मुखवटा चढवताना होणारी हातांची धांदल, आणि ज्याला वेळेत जमलं नाही तो हिरव्या उजेडात बुडाल्यासारखा दिसणं. मी अतिदक्षता विभागात काम केलंय. श्वास न मिळणारा माणूस असाच दिसतो. हे न बघता कुणाला लिहिता येणार नाही.

१९१७ साली तो एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात मनावरच्या धक्क्यासाठी दाखल होता. तिथे सीगफ्रीड ससून हा कवी भेटला, त्यानं याच्या कच्च्या खर्ड्यांवर स्वतःच्या हातानं दुरुस्त्या केल्या, ते कागद आजही आहेत. बरा होऊन ओवेन पुन्हा फ्रान्सला गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ला सांब्र-वाझ कालव्यावर मारला गेला. वय २५. जिवंतपणी जेमतेम पाच कविता छापून आलेल्या. तार घरी आली ११ नोव्हेंबरला, गावात युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. १९२०मध्ये त्याच्या आईनं, सुसान ओवेननं, रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं. रवींद्रनाथ तेव्हा इंग्लंडमध्ये होते. शेवटचा निरोप घेताना मुलगा तुमची ओळ म्हणून गेला, असं तिनं कळवलं. गीतांजलीतली, इथून जाताना एवढंच सांगून जाईन की जे पाहिलं त्याला तोड नाही, या अर्थाची. नंतर त्याची खिशातली वही परत आली, तर तीत त्याच्या हातानं तीच ओळ लिहिलेली आणि खाली रवींद्रनाथांचं नाव.

बंगालीत देवाच्या अंगणातून निघताना म्हटलेली ओळ, खंदकात जाणाऱ्या इंग्रज पोरानं उचलली. 'जे पाहिलं त्याला तोड नाही' याचा अर्थ तिथे काय झाला असेल, विचार करा. मला तर त्यात आभारही ऐकू येतात आणि उलटंही.

अपशिंगेकर_पाव्हणा

पाव्हणा अशासाठी की अपशिंगे माझी सासुरवाडी. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले, इंग्रजांनी स्मारक दिलं, गावाच्या नावाला मिलिटरी चिकटलं. आजही घरटी कुणीतरी फौजेत.

नीरेकाठचे म्हणतात तो खुर्दा इंग्रजांनी मोजला होता, हे सांगायचं होतं. देशभरच्या बऱ्याच गावांत चावडीला किंवा शाळेला एक संगमरवरी पाटी असते. मजकूर एकाच साच्यातला. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या लढाईवर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे दोन, नाव एकही नाही. हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या घरात माणसं गेली, सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. त्यात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडलेली आपल्या सहाव्या पुणे डिव्हिजनची पोरं होती. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, पावणेपाच महिने. घोडी मारून खायची वेळ आली.

मोत्यें आणि मोहरांवरून अजून एक. फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचा, सरळ लिहिलं तर कापलं जायचं. मग काहींनी स्वयंपाकघरातली भाषा काढली. काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी मिरी जास्त तिखट, लाल तेवढी नाही, असंही एकानं लिहिलंय. वाचताना हसू येतं आणि मग संपली म्हणजे काय ते कळतं.

बाण, आता हेही पासबुक म्हणा.

तिरकस_बाण

नाही म्हणत. पासबुक मागे घेतो.

नीरेकाठचा

अपशिंगेकर, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप उडाली. एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहून टाकतो, चुकत असेन तर कान धरा.

सेन्सॉरनं मिरीमिरचीचा अर्थ लावला, अहवालात उतरवून घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. पत्र सुखरूप गावी पोचलं असतं तर चुलीत किंवा वाळवीच्या पोटात गेलं असतं. पानिपतचं पत्रही तसंच. औरंगाबादच्या सावकाराच्या हाती पडतं तर वहीत जमाखर्चाला टोचून राहिलं असतं. पेशव्यानं वाटेत फोडलं म्हणून राहिलं. अ‍ॅक्वर्थचंही तेच. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडे न जाता भलत्याच माणसाच्या हाती पडलं, म्हणून टिकलं.

मी इतके दिवस समजत होतो की कवी लिहून ठेवतो आणि आपण जपतो. इथे तर जपणारा हात दरवेळी परक्याचा निघतोय.

राबाकाठी

हा धागा तीन दिवस नुसता वाचत होतो. वरचं वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी हंगेरीत ग्यौरला गाड्यांच्या कारखान्यात आहे, सहा वर्षं झाली. गावाबाहेर आब्दा म्हणून खेडं आहे. मिक्लोश रादनोती हा कवी तिथे मारला गेला. इथल्या शाळांत तो आपल्याकडे बालकवी शिकवतात तसा शिकवतात.

जन्मानं ज्यू, म्हणून त्याला बंदूक न देता वेठबिगारीच्या तुकडीत टाकलं. १९४४ साली सर्बियात बोरच्या तांब्याच्या खाणीकडे रवानगी. तिथे एक छोटी वही कुठून तरी मिळवली. रशियन फौजा जवळ आल्यावर सगळ्यांना चालवत हंगेरीमार्गे पश्चिमेकडे हाकललं. जे चालू शकत नव्हते त्यांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला आब्दाजवळ खड्डा खणायला लावून गोळ्या घातल्या. एकूण बावीस जण. जून १९४६मध्ये ते थडगं उकरलं, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात वही सापडली. भिजलेली, पण बऱ्यापैकी वाचता येणारी. पहिल्या पानावर पाच भाषांत विनंती होती: हंगेरियन, सर्बियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. या वहीत एका हंगेरियन कवीच्या कविता आहेत, ज्याला सापडेल त्यानं बुडापेस्टला अमक्या पत्त्यावर पोचवावी.

नीरेकाठचे, तुमचा परका हात या माणसानं आधीच धरून ठेवला होता. वही कुणाच्या हाती पडेल माहीत नाही, म्हणून पाच भाषा. गोळी घालणाऱ्याची भाषाही त्यात आहे.

वहीत 'राझग्लेद्निका' नावाच्या चार छोट्या कविता आहेत. सर्बियन शब्द, अर्थ चित्राचं पोस्टकार्ड. चौथी ३१ ऑक्टोबरची, सात ओळींची. शेजारचा माणूस, व्हायोलिन वाजवणारा मित्र, मानेत गोळी लागून पडला. कवी त्याच्या अंगाशेजारी पडला, ते अंग तुटायला आलेल्या तारेसारखं ताणलेलं. तुझंही असंच होणार, गप पडून राहा, असं तो स्वतःला सांगतो. वरून कुणीतरी जर्मनमध्ये म्हणतं, हा अजून उठेल. कानावर चिखल आणि रक्त वाळतंय. संपलं.

नदीकाठी त्याचा पुतळा आहे. रविवारी सायकलवर जातो कधीकधी. शेजारून मालट्रक धडधडत जातात. आईला फोनवर एकदा हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पत्ता लिहून ठेवला होता ना, मग शहाणा होता पोरगा."

वाचनखूण

राबाकाठी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

जात्यावरची

इथे मोठी मोठी नावं आलीत, माझं घरगुती आहे. चालेल ना?

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हे माहीत असेल. ते आमच्या गावी आले नाहीत. माझा आजा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होता. आजी इटलीला 'इटाळी' म्हणायची, आणि विटाळ या शब्दाशी तिच्या मनात काहीतरी गल्लत असावी, कारण म्हणताना पदर नाकाला लावायची. पहाटे दळताना ती एक ओवी म्हणायची:

*तारवाला गं आला, गेला पुढच्या आळीला*
*माझ्या कुंकवाची रेघ, आज राहिली कपाळीला*

लहानपणी ही मला आनंदाची ओवी वाटायची. लग्न झाल्यावर एकदा सहज विचारलं, पुढच्या आळीला कुणाकडे गेला होता? तेव्हा आजीनं सांगितलं. तिची जातं जोडीनं ओढणारी मैत्रीण तिथे राहायची. तिचा नवरा आजोबांबरोबर एकाच दिवशी भरती झालेला. तार तिच्याकडे गेली होती.

त्यानंतरही दोघी बरीच वर्षं एकाच जात्याला बसत. दोन बायका समोरासमोर, एक खुंटा, चार हात. आजी दुसऱ्या सगळ्या ओव्या म्हणायची, ही फक्त एकटी असताना. म्हणजे तिला ठाऊक होतं की तिचं सुख म्हणजे शेजारणीची तार. ओवीत ते सरळ आहे, 'पुढच्या आळीला' एवढ्याच शब्दांत. खुर्दा मोजणं म्हणतात ते हेच असेल का, मला सांगता येणार नाही.

डफतुणतुणे

ताई, ही ओवी लिहून ठेवलीत, बरं केलंत. त्या शेजारणीचं नाव इथे नको, पण घरात कुठंतरी लिहून ठेवा.

तिची स्वतःची काही ओवी होती का?

जात्यावरची

दादा, तुमचा प्रश्न वाचून रविवारी मावशीला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्या सगळ्या बिल्डिंगला प्रश्न कळला. होती म्हणाली. त्या बाईचीही एक ओवी होती आणि तिच्या ओवीतही तारवालाच होता. पहिली ओळ मावशीला येते: *तारवाल्या रं दादा, उन्हाचा का आलास*.

मी म्हटलं, आणि दुसरी? मावशी म्हणाली, "दुसरी ती मनात म्हणायची. तेवढा वेळ नुसतं जातं ऐकू यायचं."